अपुरी झोप आणि कुमारवयातील धोक्याचे वर्तन

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने बालरोग विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अशा प्रसंगी नवे यंत्र, नवा कक्ष किंवा नवी शस्त्रक्रिया यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. कारण आपल्या देणगीचे काय झाले हे जाणून घेण्याचा आपणास अधिकार आहे. आज मात्र मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, ती रुग्णालयात विकत आणता येत नाही. ती घराघरांत रोज रात्री मिळते किंवा मिळत नाही. आणि मिळाली नाही, तर तिचे परिणाम कधी ना कधी आमच्या दारात येऊन उभे राहतात. अकरा ते पंधरा या वयातील मुलामुलींची रात्रीची झोप, हा माझा विषय आहे.

या वयातील मूल आमच्याकडे आजारी म्हणून तुलनेने कमी येते. बालपणातील संसर्ग मागे पडलेले असतात आणि प्रौढ वयातील रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार दूर असतात. शरीराच्या दृष्टीने हा आयुष्यातील अत्यंत सुदृढ काळ होय. तरीही याच काळात मूल गमावण्याचे किंवा ते कायमचे जायबंदी होण्याचे प्रसंग ओढवतात, आणि त्यांमागे बहुधा जंतू नसतो, तर एखादी कृती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. त्याशिवाय रूळ ओलांडणे, खोल पाण्यात पैजेने उडी घेणे, तिघांनी एका दुचाकीवर शिरस्त्राणाविना बसणे, तंबाखूची किंवा दारूची पहिली चव घेणे, क्षुल्लक कारणावरून हाणामारी करणे आणि, ज्याचा उच्चार करतानाही मन जड होते ते, स्वतःला इजा करून घेणे, या साऱ्या गोष्टींना वैद्यकशास्त्रात ‘धोक्याचे वर्तन’ असे म्हटले जाते.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. या वयात धाडस करावेसे वाटणे हा रोग नव्हे. नवे करून पाहण्याची, घराच्या उंबऱ्याबाहेर पडण्याची, मित्रांच्या नजरेत भरण्याची ओढ निसर्गानेच दिलेली आहे. तीच ओढ मुलाला गड चढावयास लावते, मंचावर उभे राहून बोलावयास लावते, परक्या गावी शिकावयास पाठविते. तेव्हा प्रश्न धाडसाचा नाही. धाडस आणि बेफिकिरी यांच्यामधली रेषा त्या क्षणी मुलाला दिसते की नाही, हा आहे. ती रेषा दिसण्याशी रात्रीच्या झोपेचा फार जवळचा संबंध आहे, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

आपल्या परंपरेला झोपेचे महत्त्व नवे नाही. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. आहाराच्या बाबतीत आपल्याकडील पालक जागरूक असतात. डबा तसाच परत आला तर आई दहा वेळा विचारते. पण मूल काल किती तास झोपले, हे तितक्या कळकळीने विचारले जात नाही. उलट, रात्री उशिरापर्यंत अभ्यासाला बसणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो आणि सकाळी हाक मारूनही न उठणाऱ्या मुलाला आळशी ठरवतो. यातील कौतुक आणि दूषण ही दोन्ही पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहेत.

प्रथम झोपेच्या प्रमाणाविषयी. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली तज्ज्ञांच्या एकमताने जे प्रमाण सुचविले, त्यानुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप नियमितपणे मिळावयास हवी. हे ऐकून अनेक पालकांना आश्चर्य वाटते, कारण मूल मोठे झाले की झोप कमी लागते अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासण्याचे काम मेरी कार्स्केडन आणि विल्यम डिमेंट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६ पासून दर उन्हाळ्यात भरविलेल्या एका शिबिरात केले. त्याच मुलांना वर्षामागून वर्षे बोलावून, रात्री दहा तास अंथरुणात राहण्याची मुभा देऊन, त्यांच्या झोपेचे यंत्राद्वारे मोजमाप केले गेले. वय वाढेल तशी झोप घटेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुले दर वर्षी सरासरी सव्वानऊ तासांच्या आसपासच झोपली. इतकेच नव्हे, तर तेवढीच झोप घेऊनही वयात आलेल्या मुलांना दुपारच्या वेळी लहान मुलांपेक्षा अधिक गुंगी येत असे. म्हणजे कुमारवयात झोपेची गरज घटत नाही. घटते ती मिळणारी झोप.

ती का घटते, याचे उत्तर काही अंशी शरीरात आहे. मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन सूक्ष्म पुंजके आहेत. हे आपले देहघड्याळ. अंधार पडू लागला की त्याच्या आदेशाने मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वयात येण्याच्या काळात हे घड्याळ पुढे सरकते आणि रात्रीची वर्दी उशिरा मिळू लागते. कार्स्केडन यांनी १९९३ मध्ये सहावीत शिकणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच इयत्तेतील या मुलांपैकी ज्यांची शारीरिक वाढ पुढे गेली होती, त्यांचा कल उशिरा निजण्याकडे अधिक होता, आणि हे मुलींमध्ये विशेष स्पष्टपणे दिसले. वर्ग तोच, शाळा तीच; फरक होता तो शरीराच्या वाढीचा.

याच्या जोडीला आणखी दोन बदल होतात. दिवसभर जागे राहिल्याने झोपेचा जो दाब साचत जातो, तो वाढत्या वयाच्या मुलांत अधिक संथपणे साचतो. त्यामुळे लहान भावंड साडेनऊला पेंगते, तेव्हा थोरले टक्क जागे असते. शिवाय वयात येण्याच्या अगदी प्रारंभीच्या काळात संध्याकाळच्या प्रकाशाने मेलाटोनिन अधिक प्रमाणात दबते, असे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले. हातातील मोबाइलचा पडदा आणि डोक्यावरचा पांढरा दिवा या वयाला दुप्पट महाग पडतात, ते यामुळे. एक तर त्यांतील करमणुकीने निजण्याची वेळ लांबते आणि दुसरे म्हणजे त्या प्रकाशाने देहघड्याळ आणखी मागे राहते.

अशा रीतीने रात्रीचे एक टोक शरीर पुढे ढकलते. दुसरे टोक मात्र शाळेची घंटा, रिक्षाचा भोंगा आणि पहाटेची शिकवणी यांनी घट्ट बांधून ठेवलेले असते. साडेअकराला निजलेल्या आणि साडेपाचला उठविलेल्या मुलाला सहाच तास मिळतात. आठवड्यातून पाच किंवा सहा दिवस हे चालते आणि रविवारी ते मूल अकरापर्यंत झोपून राहते. ती झोप आळसाची नसते. आठवडाभराच्या थकबाकीचा तो अपुरा हप्ता असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झोप कमी झाल्याने मूल दमेल, चिडेल, वर्गात पेंगेल, हे कोणालाही पटेल. पण ते धोका का पत्करील?

कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा पुढचा भाग आवर घालण्याचे काम करतो. परिणामांचा विचार करणे, मोह टाळणे, एक क्षण थांबणे, ही त्याची कामे. हा भाग सर्वांत शेवटी, वयाच्या पंचविशीच्या आसपास, पूर्णत्वास जातो. याउलट बक्षीस, मजा, मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारे भाग कुमारवयातच जोमाने कामाला लागलेले असतात. वाहनाच्या भाषेत सांगावयाचे, तर वेग आला आहे, पण ब्रेक अद्याप पुरते बसविलेले नाहीत. झोपेच्या अभावाचा पहिला आघात याच अपुऱ्या ब्रेकवर होतो.

अमेरिकेत ४६ कुमारवयीन मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांनी आपली झोप चांगली नसल्याचे सांगितले, त्यांचे वर्तन अधिक जोखमीचे होते. त्यांच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांत असे दिसले की, स्वतःला आवरण्याच्या कामी मेंदूचा पुढचा भाग कमी सक्रिय होता, बक्षीस मिळताना भावनांशी निगडित भाग अधिक उद्दीपित होत होता, आणि या दोहोंमधला समन्वय क्षीण झाला होता. सिंगापूर येथील संशोधकांनी २०११ मध्ये निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगातही हेच सूत्र दिसते. एक रात्र जागल्यानंतर त्यांचा कल नुकसान टाळण्याकडून लाभ शोधण्याकडे झुकला. जाणत्या माणसाची एका जागरणाने ही अवस्था होत असेल, तर तेरा वर्षांच्या मुलाची रोजच्या अपुऱ्या झोपेने काय होत असेल, याचा आपण विचार करावा.

मनःस्थितीचेही तसेच आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनी १४ ते १७ वर्षांच्या ५० निरोगी मुलांना ओळीने पाच रात्री केवळ साडेसहा तास, आणि नंतर किंवा आधी पाच रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले. मुले तीच, घर तेच. कमी झोपेच्या आठवड्यात ती अधिक अस्वस्थ, अधिक रागीट आणि गोंधळलेली होती, आणि आपल्या भावना सावरणे त्यांना कठीण जात होते, असे मुलांनी स्वतः सांगितले. त्यांची चिडचीड वाढल्याचे पालकांनीही नोंदविले. साडेसहा तास ही काही टोकाची उपासमार नव्हे. आपल्याकडील कितीतरी घरांत तो रोजचाच रिवाज आहे.

आणखी एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो, कारण तो आपल्या रस्त्यांवर रोज घडणाऱ्या गोष्टीविषयी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १४ आणि १५ वर्षांच्या ५५ मुलांना संगणकाने उभ्या केलेल्या आभासी रस्त्यावर चालावयास लावले. एकदा आदल्या रात्री साडेआठ तास झोप दिल्यानंतर आणि एकदा केवळ चार तासांच्या झोपेनंतर. कमी झोपलेली मुले रस्ता ओलांडण्यापूर्वी डावीउजवीकडे अधिक वेळा पाहत होती. तरीही त्यांना पाऊल उचलण्यास उशीर होत होता, येणाऱ्या वाहनाच्या पुढून ती कमी अंतर राखून जात होती, आणि वाहनाची धडक बसण्याचे किंवा थोडक्यात वाचण्याचे प्रसंग त्यांच्यावर अधिक आले. या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. त्या मुलांनी निष्काळजीपणा केला नव्हता. ती पाहत होती. पाहिलेल्याचा अर्थ वेळेत लावणारा मेंदू दमलेला होता. ‘दोन्ही बाजूंना बघून जा’ हा आपला रोजचा उपदेश योग्य आहे. पण तो उपदेश पाळण्याची शक्ती मुलाला रात्रीच मिळालेली असावी लागते.

प्रयोगशाळेबाहेर, मोठ्या लोकसंख्येत काय दिसते? अमेरिकेत शाळकरी मुलांच्या धोक्याच्या वर्तनाची देशव्यापी पाहणी वर्षाआड होते. २००७ सालच्या पाहणीत सुमारे ६९ टक्के विद्यार्थ्यांनी शाळेच्या आदल्या रात्री आपण आठ तासांपेक्षा कमी झोपतो, असे सांगितले. संशोधकांनी अकरा घातक सवयी तपासल्या, आणि त्यांपैकी दहांचे प्रमाण कमी झोपणाऱ्यांत अधिक आढळले. धूम्रपान, मद्य, गांजा, मारामारी, सतत उदास वाटणे आणि जीव देण्याचा गंभीर विचार करणे यांचा त्यांत समावेश होता. पुढे २००७ ते २०१५ या काळातील अशाच पाहण्यांतील ६७,६१५ विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात झोप जितकी कमी, तितकी धोक्याची शक्यता अधिक, अशी पायरीपायरीने चढणारी मांडणी दिसली. आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत व्यसनाची शक्यता सुमारे दुप्पट, तर स्वतःला संपविण्याचा विचार, बेत किंवा प्रयत्न यांची शक्यता तिपटीहून अधिक होती.

आपल्यातील काही सुजाण श्रोते येथे आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. झोप कमी म्हणून मूल बिघडले, की मूल आधीच संकटात होते म्हणून त्याची झोप उडाली? घरातील भांडणे, गरिबी, मनाचा आजार यांमुळे दोन्ही गोष्टी एकदम घडू शकतात. पाहणीतून संबंध कळतो, कारण कळतेच असे नाही. म्हणूनच मी प्रथम प्रयोगांचा उल्लेख केला. कारण तेथे त्याच मुलांची झोप मुद्दाम कमी-अधिक करून फरक पाहिला गेला. माझ्या मते सत्य दोन्ही दिशांनी वाहते. दुःखी मूल झोपत नाही आणि न झोपलेल्या मुलाला दुःख अधिक मोठे भासते. हे चक्र कोठून तरी तोडावयाचे, तर झोपेच्या बाजूने हात घालणे अनेकदा अधिक सोपे असते. गरिबी एका रात्रीत हटत नाही. पण दिवा अर्धा तास आधी मालवता येतो.

झोपेचा अभाव एकट्या मुलापुरता राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील सातवी ते बारावीच्या ८,३४९ विद्यार्थ्यांच्या मैत्रीच्या जाळ्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखाद्याचा मित्र सात तास किंवा त्याहून कमी झोपत असेल, तर तो स्वतःही तितकाच कमी झोपण्याची शक्यता ११ टक्क्यांनी वाढत होती आणि त्याने गांजा ओढण्याची शक्यता १९ टक्क्यांनी. रात्री एक वाजता आलेला संदेश वाचणारे मूल एकटे नसते. तो पाठविणारेही कोठेतरी जागेच असते. म्हणून हा प्रश्न एका घराने सोडविण्यापेक्षा एका वर्गाच्या, एका वसाहतीच्या पालकांनी मिळून सोडविला, तर यश येण्याचा संभव अधिक.

वेळापत्रक बदलले तर खरोखर काही फरक पडतो का? अमेरिकेच्या केंटकी राज्यातील एका परगण्यात शाळांची वेळ एक तासाने पुढे नेण्यात आली. त्यानंतरच्या दोन वर्षांत, आधीच्या दोन वर्षांच्या तुलनेत, तेथील वाहन चालविणाऱ्या १७-१८ वर्षांच्या तरुणांच्या अपघातांचे प्रमाण १६.५ टक्क्यांनी घटले. त्याच काळात उर्वरित राज्यात ते ७.८ टक्क्यांनी वाढले होते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केलेला तशा स्वरूपाचा कायदा २०२२ पासून अमलात आणला. सिंगापूरसारख्या, आपल्याइतक्याच परीक्षाप्रिय समाजातील मुलींच्या एका शाळेने २०१६ मध्ये आपली वेळ ४५ मिनिटांनी पुढे नेली. मुली तेवढाच वेळ अधिक जागतील, ही भीती होती. प्रत्यक्षात त्यांची झोप वाढली.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने एक पाऊल पडले आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याची मर्यादा चौथीची आहे. देहघड्याळ पुढे सरकते ते साधारणतः पाचवी-सहावीनंतर. म्हणजे ज्या वयात पहाटे उठणे शरीराला सर्वांत जड जाते, ते वय या सवलतीच्या बाहेर राहते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, अपुऱ्या इमारती, वाहतुकीची गर्दी, आईवडिलांच्या नोकरीच्या वेळा, या अडचणी मी जाणते. वर्गखोल्या कमी असतील, तर कोणाला तरी सकाळी यावेच लागणार. तरीही ते कोणी यावे, हे ठरविताना शरीरशास्त्रालाही एक मत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या परिस्थितीविषयी आणखी एक गोष्ट बोलणे अगत्याचे आहे. झोपेची शिस्त ही केवळ इच्छेची बाब नव्हे. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, वडील रात्रपाळीहून उशिरा परतत असतील, पहाटे चारला नळाला पाणी येत असेल, तर ‘मुलासाठी शांत, अंधारी खोली ठेवा’ हा सल्ला क्रूर ठरतो. अशा घरातील मातेला मी एवढेच सांगते की, मुलाच्या निजण्याची जागा दूरचित्रवाणीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, आणि पाणी भरण्याची पाळी रोज त्याच मुलावर, बहुधा मुलीवर, येऊ देऊ नये. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास अशा दुहेरी ओझ्याखाली कितीतरी मुलींची झोप कोणाच्याही लक्षात न येता हरवते. त्या पैज लावून विहिरीत उड्या घेत नाहीत; त्या आतल्या आत कोमेजतात, आणि तो धोका अधिक उशिरा कळतो.

पालकांसाठी काही व्यवहार्य सूचना मी येथे मांडते. रात्री ठरावीक वेळी घरातील सर्वांचे मोबाइल एका ठिकाणी, मुलाच्या अंथरुणापासून दूर, चार्जिंगला लावावेत. सर्वांचे म्हणजे आईवडिलांचेही, अन्यथा हा नियम चार दिवस टिकत नाही. जेवण शक्य तितके लवकर व्हावे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि उत्तेजक शीतपेये देऊ नयेत. सकाळी काही वेळ मुलाने उन्हात जावे. त्याने देहघड्याळ जागेवर येण्यास साहाय्य होते. रविवारी तास-दीड तास अधिक झोपू द्यावे, परंतु दुपारपर्यंत नको, कारण मग सोमवारची पहाट आणखी कठीण होते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण हे घाट्याचे गणित आहे, कारण दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, किंवा पुरेसे झोपूनही दिवसभर पेंगत असेल, तर तो वाढलेल्या टॉन्सिलसारखा किंवा अन्य आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. मूल सलग दोन आठवडे उदास असेल, एकलकोंडे झाले असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा करीत असेल, तर झोपेचा उपाय पुरेसा नाही. तेव्हा विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

समाजातील ज्येष्ठांकडेही माझी विनंती आहे. या सभागृहात शिकवणी वर्गांचे चालक असतील, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते असतील, शाळांच्या संस्थाचालकांपैकी कोणी असतील. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो पोलिसांच्या भीतीने पाळण्याऐवजी शेजारच्या सातवीतल्या मुलासाठी पाळावा. रात्री साडेनऊला सुटणारा किंवा पहाटे साडेपाचला भरणारा वर्ग अर्धा-पाऊण तास सरकविता येईल का, याचा विचार व्हावा. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नये, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पालकांनाच जबाबदार धरून बजावलेले आहे. पण झोप अपुरी असलेल्या मुलाच्या हाती ती जाणे किती घातक आहे, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाही, म्हणून मी येथे सांगते.

आणि आम्ही रुग्णालयाने काय करावे? माझी सूचना अगदी साधी आहे. अपघात विभागात हातपाय मोडून आलेल्या, बाह्यरुग्ण विभागात डोकेदुखीची किंवा ‘हल्ली ऐकत नाही’ अशी तक्रार घेऊन आणलेल्या प्रत्येक कुमारवयीन मुलाला आम्ही एक प्रश्न विचारावा: ‘बाळ, काल किती वाजता झोपलास आणि किती वाजता उठलास?’ हा प्रश्न मुलाला परका वाटत नाही. व्यसनाविषयी किंवा मनातील दुःखाविषयी थेट विचारले, तर ते मिटून जाते. झोपेविषयी विचारले, तर ते उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या मागोमाग पुष्कळदा बाकीचे सारे बाहेर येते. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. नोंदपत्रकात एक ओळ आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी माया लागते.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या दातृत्वाने या रुग्णालयातील अस्थिविभाग, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहे चालतात, आणि त्यांची गरज पुढेही राहणार आहे. मुलाचे मोडलेले हाड आपल्या मदतीने आम्ही जोडतो. परंतु ते मोडण्याआधी जी एक रात्र असते, तिच्यावर आमचा अधिकार चालत नाही. तो आपणा सर्वांचा, घरातील वडीलधाऱ्यांचा असतो. मूल चुकीचे वागले की त्याच्या चारित्र्याचा, संगतीचा, संस्कारांचा विचार आपण करतो. तो अवश्य करावा. त्याच्याही आधी त्याच्या झोपेचा विचार करावा, कारण दमलेल्या मेंदूला संस्कार आठवण्यासही शक्ती लागते. ती शक्ती प्रत्येक घराने आपल्या मुलाला मिळू द्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.